डॉक्टर हू : डिकन्सला भूत दिसतं तो एपिसोड

तर मंडळी, गेल्या आठवड्यात 'डॉक्टर हू'चा 'द अनक्वाएट डेड' परत बघितला, बहुतेक चौथ्यांदा, आणि यावेळी शेजारी ताई होती जिला डॉक्टर हू म्हणजे काय हे अजिबात माहीत नाही. तिने फक्त "किती वेळाचं आहे?" एवढं विचारलं, मी पाऊण तास म्हणालो आणि ती बसली. तिच्यामुळेच हे लिहायला घेतलंय खरं तर, कारण मी इतकी वर्षं ज्याला त्याला "डिकन्सचा एपिसोड बघ, डिकन्सचा एपिसोड बघ" म्हणून सांगत फिरतोय (डिकन्स म्हणजे 'ऑलिव्हर ट्विस्ट' लिहिणारा इंग्रज कादंबरीकार, तो यात पात्र म्हणून येतो) आणि ताईने तो भलत्याच माणसाचा एपिसोड म्हणून बघितला. स्पॉयलर भरपूर आहेत, पण २००५ चा एपिसोड आहे, आता त्यात काय राखून ठेवायचं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. बीबीसीची ही मालिका १९६३ ची, १९८९ ला बंद पडली, १९९६ ला एक टीव्ही फिल्म येऊन गेली आणि मग २००५ ला रसेल टी. डेव्हिसने ती नव्याने उभी केली. डॉक्टर म्हणजे दिसायला आपल्यासारखाच पण परग्रहावरचा एक इसम, निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या टार्डिस नावाच्या यानातून काळात हवं तिथे जातो, निदान तसं म्हणतो तरी. सोबत रोझ टायलर, लंडनच्या एका दुकानात काम करणारी एकोणीस वर्षांची पोरगी. नव्या सिरीजचा पहिला एपिसोड आजच्या लंडनमध्ये, दुसरा थेट पाच अब्ज वर्षं पुढे, आणि हा तिसरा मागे, १८६९ मध्ये. ९ एप्रिल २००५ ला लागला. लेखन मार्क गॅटिस, दिग्दर्शन यूरॉस लिन.

सुरुवात भारी आहे. कार्डिफ शहर, ख्रिसमसची आदली संध्याकाळ, अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा स्नीड नावाचा म्हातारा, त्याच्याकडे शवपेटीत एक आजी ठेवलेल्या आणि नातू शेवटचं दर्शन घ्यायला एकटाच आत उभा. आजी डोळे उघडतात आणि नातवाचा गळाच धरतात. स्नीड धावत येतो पण त्याच्या चेहऱ्यावर भीतीपेक्षा वैताग जास्त, म्हणजे अरे देवा आज परत का, असा. मोलकरणीला हाका मारतो की ये गं खाली, अजून एक उठलंय. आणि आजी नातवाला संपवून, दार फोडून, चक्क रस्त्याने चालायला लागतात. पहिल्या दोन मिनिटांत गॅटिसने सांगून टाकलंय की घाबरवणार पण आहे आणि हसवणार पण आहे, आणि बहुतेक वेळा एकाच फ्रेममध्ये. आजी कुठे जातात ते मला सगळ्यात आवडतं. त्यांना मरायच्या आधी डिकन्सच्या कार्यक्रमाला जायचं होतं म्हणून त्या मेल्यावर जातात. तिकीट फुकट घालवायचं नाही ही आज्यांची वृत्ती सगळीकडे सारखीच दिसते.

इकडे डॉक्टरने रोझला नेपल्स १८६० दाखवतो असं सांगितलेलं असतं. ती मस्त त्या काळातला ड्रेस घालून तयार होते, दार उघडते, समोर ताजा बर्फ. ती एक पाऊल पुढे टाकते, हळूच, दाबून, मग पाय उचलून ठसा बघते. बस, एवढंच. कालप्रवासावर किती सिनेमे आणि किती सिरीज बघितल्या, मशीन फिरतं, दिवे लुकलुकतात, वावटळ येते, पण 'आपण खरंच दुसऱ्या काळात उभे आहोत' हे मला त्या एका बुटाच्या ठशाने जेवढं पटलं तेवढं कशानेच नाही. आणि मग डॉक्टर पेपर विकत घेऊन बघतो तर साल १८६९, आणि नेपल्स नाहीच, कार्डिफ. रोझचा चेहरा पडतो. ही मालिका तेव्हा बनवायची बीबीसी वेल्स, म्हणजे कार्डिफमध्येच बसून ही मंडळी कार्डिफची टिंगल करतायत, आणि ती एकदा करून थांबत नाहीत, पुढे मृत्यू समोर उभा असताना डॉक्टर कुरकुरतो की मी ट्रॉय पडताना बघितलं, काय काय बघितलं, आणि आता मरायचं कुठे तर कार्डिफच्या तळघरात.

आता डिकन्स. त्याचं काम केलंय सायमन कॅलोने. या माणसाने 'द मिस्टरी ऑफ चार्ल्स डिकन्स' हा पूर्ण एकपात्री प्रयोग आधीच केलेला आहे, त्यामुळे इथे तो दाढी चिकटवून आलेला नट वाटतच नाही. पहिल्यांदा दिसतो तो स्टेजमागच्या खोलीत, एकटा, काळोखात तोंड पाडून बसलेला. स्टेजवरचा माणूस बोलवायला येतो, ख्रिसमसला घरच्यांकडे जाणार नाही का असं विचारतो, तर म्हणतो घरच्या बाबतीत माझं जरा चुकलंच. पुढे म्हणतो की मीच भुतासारखा झालोय, त्याच त्याच गोष्टी परत परत सांगत फिरतोय, जे काही सुचायचं होतं ते बहुतेक सगळं सुचून झालं. आणि मग बाहेर टाळ्यांचा आवाज वाढतो, हा उठतो, कोट नीट करतो आणि पडद्याबाहेर जाताना अंगात एकदम दुसराच माणूस येतो. दीड-दोन मिनिटांचा सीन असेल.

हे कथाकथन डिकन्स खरोखर करायचा, लेखकाने पदरची घातलेली ही कल्पना नाही. १८५३ ला बर्मिंगहॅममध्ये धर्मादाय कामासाठी 'ख्रिसमस कॅरोल' वाचून सुरुवात झाली, १८५८ पासून तिकीट लावून दौरे. त्याच वर्षी तो बायकोपासून वेगळा झाला, दहा मुलं झालेला संसार, म्हणजे ते 'घरच्या बाबतीत चुकलं' उगाच नाही आलेलं. शेवटी शेवटी 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग तो इतक्या जीव तोडून करायचा की प्रयोगानंतर नाडी मोजावी लागायची. स्वतःच्याच पात्राला रोज रात्री मारता मारता माणूस खंगत चाललेला. एपिसोडमध्ये यातलं काही बोलून दाखवत नाहीत पण कॅलोच्या खांद्यांकडे बघा, कळतं.

प्रयोग सुरू होतो, तो 'ख्रिसमस कॅरोल'मधल्या कंजूष स्क्रूजला दारावरच्या कडीत मेलेल्या भागीदाराचा, मार्लीचा, चेहरा दिसतो तो प्रसंग रंगवतोय, हात वर करतो, श्रोत्यांत बघतो आणि थांबतो. कारण तिसऱ्या-चौथ्या रांगेत आपल्या आजी बसल्यात आणि त्यांच्या तोंडातून निळा प्रकाश येतोय. पब्लिक पळत सुटतं, आजींच्या तोंडातून निळा गॅसचा लोट बाहेर पडून थिएटरभर फिरतो आणि डिकन्स मात्र उखडलेला की माझ्या कार्यक्रमात हा जादूगारीचा फालतूपणा कोणी केला. बिचाऱ्याने आयुष्यभर भुतं लिहिली आणि समोर आल्यावर म्हणतो ट्रिक आहे. इथेच स्नीड आणि मोलकरीण ग्विनेथ आजींना शोधत येतात, रोझ मध्ये पडते, स्नीड तिला क्लोरोफॉर्म हुंगवून आजींबरोबरच शववाहिनी बग्गीत टाकतो. डॉक्टर धावत बाहेर येतो आणि समोर दिसेल त्या बग्गीत घुसतो, ती बग्गी असते डिकन्सची.

आणि इथे माझा सगळ्यात आवडता सीन. डिकन्स भडकलेला, उतर खाली म्हणतोय, आणि डॉक्टरला कळतं समोर कोण बसलंय. मग सुरू. मी तुमचा फॅन, एक नंबरचा फॅन. डिकन्स म्हणतो फॅन म्हणजे? तू पंखा कसा काय, वारा घालायच्या वस्तूशी तुझं साम्य काय? हा विनोद मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा जास्त कळतो असं माझं मत आहे कारण आपल्याकडे फॅन म्हणजे अजूनही आधी पंखाच. मग डॉक्टर म्हणतो ती आगगाडीवाली गोष्ट काय लिहिलीय, 'सिग्नलमन', भयंकर, जगातली सगळ्यात भारी लघुकथा. डिकन्स खुलत जातो, राग कुठल्या कुठे. आणि लगेच पुढच्या वाक्याला डॉक्टर म्हणतो पण ते 'मार्टिन चझलविट'मधलं अमेरिकेचं प्रकरण काय होतं हो, नुसतं पाणी घातलेलं, रद्दी. डिकन्सचं तोंड बघण्यासारखं. तू तर म्हणालास फॅन आहेस! तर डॉक्टर म्हणतो टीका सहन होत नसेल तर मग काय बोलायचं.

यात दोन्ही गोष्टी नेमक्या उचलल्यात. 'सिग्नलमन' १८६६ ची, आणि त्याच्या आदल्या वर्षी, ९ जून १८६५ ला, डिकन्स स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून स्वतः वाचलेला होता, जखमींना पाणी देत डब्यांमधून फिरला होता, म्हणजे ती गोष्ट भुताची असली तरी आतली भीती त्याची स्वतःची. आणि 'चझलविट'चं म्हणाल तर ती कादंबरी १८४३-४४ मध्ये महिन्याच्या महिन्याला भाग छापून येत होती, खप पडला, आणि साहेबांनी हिरोला उचलून अमेरिकेला पाठवला. ऐकल्यासारखं वाटतंय ना कुठेतरी? टीआरपी घसरला की नायिकेची स्मृती जाते, जुळी बहीण येते, ट्रॅक बदलतो. आपण डेली सोपला नावं ठेवतो पण मालिकेत पाणी घालायची युक्ती दीडशेहून जास्त वर्षं जुनी आहे आणि ती खुद्द डिकन्सच्या नावावर आहे. फॅन असावा तर असा, डोक्यावर घेतो आणि तिथूनच चिमटा काढतो.

मधला भाग स्नीडच्या घरात. इथे जरा पुढे ढकला, प्रेतं उठतात, दारं बडवतात, रोझ ओरडते, नेहमीचं. कळतं ते एवढंच की या घराखाली काळाला एक चीर पडलीय, त्यातून गेल्थ नावाचे परग्रहवासी येतायत, त्यांना शरीर नाही, ते वायुरूप, म्हणून घरातल्या गॅसच्या नळ्यांतून फिरतात आणि प्रेतांत शिरतात. तेव्हा दिवे गॅसचे, घरभर नळ्या, आणि प्रेत म्हटलं की त्यात थोडाफार वायू होतोच. कल्पना म्हणून हे फार सुंदर जमलंय. भूत येतं कशातून तर भिंतीतल्या दिव्यातून, ज्या दिव्याने अंधार आणि भुतं दोन्ही घालवली असं लोकांना वाटत होतं त्यातूनच.

मग ठरतं की प्लँचेट करायचं. हो, अगदी आपण सुट्टीत वाटी फिरवायचो त्याच घराण्यातलं, फक्त वाटी नाही, सगळे टेबलाभोवती हात धरून बसतात आणि ग्विनेथ माध्यम म्हणून गेल्थना बोलावते. त्या काळात इंग्लंडात या प्रकाराची साथच होती. डिकन्स उठून निघायला लागतो, हा सगळा लबाडीचा धंदा आहे म्हणून. खरा डिकन्सही या मंडळींची टर उडवायचा. पण गंमत बघा, याच विवेकवादी माणसाने 'ब्लीक हाउस'मध्ये क्रूक नावाचं पात्र आपोआप पेट घेऊन राख झालेलं दाखवलंय, आणि लोकांनी असं काही होत नाही म्हटल्यावर प्रस्तावनेत हटून बसला की होतं म्हणजे होतं. म्हणजे भूत खोटं पण माणूस बसल्या जागी भडकन पेटतो हे खरं. हे एपिसोडमध्ये यायला हवं होतं राव, डॉक्टरच्या तोंडी किती छान बसलं असतं, आणि पुढे शेवट ज्या पद्धतीने होतो त्याला तर फारच.

प्लँचेटच्या आधी दोन सीन आहेत जे मी दर वेळी 'हं हं, भावनिक भाग' म्हणून बघून सोडून द्यायचो. एक डिकन्सचा. चालतंबोलतं प्रेत बघून, त्याला हात लावून, कुठे तारा-बिरा बांधल्यात का ते शोधून झाल्यावर तो बाजूला जाऊन उभा राहतो. म्हणतो मी आयुष्यभर या भ्रमांच्या विरोधात बोललो, मला वाटलं जग खरं आहे, त्यातले अन्याय खरे आहेत, त्यांच्याशी लढायचं, आणि आता तू सांगतोस की जग भुताखेतांचंच आहे, मग माझं सगळं फुकटच गेलं का? कॅलो हे ओरडून म्हणत नाही, नाटकीपणा तर अजिबात नाही, हिशेब चुकलेल्या माणसासारखं म्हणतो.

दुसरा रोझ आणि ग्विनेथचा, स्वयंपाकघराशेजारी भांडी घासताना. ग्विनेथ वर्षाला आठ पाउंडांवर राबते. रोझ हे ऐकून दचकते, तर ग्विनेथला वाटतं तिला ते जास्त वाटले, म्हणते हो ना, मला तर सहाही चालले असते. ताई इथे पहिल्यांदा हसली आणि मग तिचं हसू जरा वेळाने गेलं. मग खाटकाचा पोरगा. तो दर मंगळवारी येतो, त्याचं हसू छान आहे, एवढं बोलून ग्विनेथ कानापर्यंत लाल होते, रोझ त्याच्या शरीराच्या दुसऱ्याच भागाबद्दल विचारते, ग्विनेथ "अगंबाई" अशा चेहऱ्याने बघते आणि मग दोघी खुसूखुसू हसतात. दीडशे वर्षांचं अंतर आणि विषय तोच. ग्विनेथचे आईबाप ती बारा वर्षांची असताना फ्लूने गेलेत, स्नीडने कामाला ठेवलं, त्याचे उपकार मानते. तिला दुसऱ्याच्या मनातलं दिसतं, तळघरातल्या त्या चिरेजवळ वाढली म्हणून. रोझच्या डोक्यात तिला धावणाऱ्या गाड्या दिसतात, आकाशात लोखंडी पक्षी दिसतात, आणि काहीतरी काळंकुट्ट दिसतं ज्याला ती मोठा वाईट लांडगा म्हणते. सिरीज पूर्ण बघितलेल्यांना माहितीये हे काय आहे, बाकीच्यांनी सोडून द्या.

आता भांडण. गेल्थ सांगतात आम्ही थोडेच उरलोय, काळाच्या महायुद्धात आमची शरीरं गेली, दया करा, तुमची प्रेतं आम्हाला द्या, राहायला. डॉक्टर म्हणतो द्यायला काय हरकत आहे, मेलेल्याला शरीराचा काय उपयोग, अवयवदान करतातच ना. रोझ म्हणते हे बरोबर नाही, ती माणसं होती. डॉक्टर ठणकावतो की ही वेगळी नीती आहे, पटत नसेल तर घरी जा. एकल्स्टनचा (म्हणजे या सिरीजमध्ये डॉक्टर झालेल्या नटाचा) डॉक्टर मला म्हणूनच आवडतो, तो गोड बोलून समजूत काढत बसत नाही. आणि तो इथे चुकतो, पूर्ण चुकतो, कारण त्या युद्धात तो स्वतः होता आणि त्याच्या मनाला ते लागून राहिलंय. गेल्थनी बरोबर दुखरी नस पकडली. हे न बोलता दाखवलंय म्हणून छान.

पण त्याच भांडणात एक असं होतं जे मला यावेळीच दिसलं. रोझ ग्विनेथच्या वतीने भांडतेय, तिला वापरू नका, तिला काही कळत नाही, ती साधी आहे. आणि ग्विनेथ शांतपणे म्हणते की तुम्ही मला मूर्ख समजता, मला तुमच्या मनातलं दिसतं, तिथे हेच लिहिलंय. रोझकडे उत्तर नाही. ग्विनेथ झालेल्या ईव्ह माइल्सने हे इतकं सहज म्हटलंय, राग नाही, रडगाणं नाही, बाजारभाव सांगावा तसं. ताई म्हणाली, "बघ, दोघंही तिच्यासाठीच भांडतायत आणि तिला कोणीच विचारत नाहीये." मी गप्प.

बाकी या कथानकातली एक गोष्ट मला खटकते आणि ती लपवायचं कारण नाही. घरदार गमावलेले लोक दारात येतात, आसरा मागतात, आणि निघतात खोटारडे, थोडे नाही तर अब्जावधी, जग बळकवायला आलेले. हे प्रसारित झालं एप्रिल २००५ मध्ये, ५ मेला ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि बाहेरून येणाऱ्या लोकांचा मुद्दा प्रचारात तापलेला होता. लेखकाच्या मनात तसं काही होतं असं मी म्हणत नाही, भुताच्या गोष्टीत भूत शेवटी वाईटच निघणार, पण घोळ असा की डॉक्टर दया दाखवतो आणि गोष्ट त्याला त्याबद्दल शिक्षा करते. एखादा तरी गेल्थ खरंच बिचारा निघाला असता तर? निळे होते ते लाल होतात आणि विषय संपतो. इथे पटकथा आळशी झालीय.

क्लायमॅक्स. ग्विनेथ तळघरातल्या कमानीखाली उभी राहते, तिच्यातून ते सगळे आत येतात, प्रेतं उठतात, स्नीड मरतो, डॉक्टर आणि रोझ एका जाळीमागे अडकतात आणि डिकन्स घाबरून पळून जातो. हो, पळतो. महान लेखक आहे म्हणून शूर दाखवायचा मोह टाळलाय याला माझे वेगळे मार्क. रस्त्यावर आल्यावर तो बघतो की गेल्थ गॅसच्या दिव्यात खेचला जातो, आणि डोक्यात प्रकाश पडतो, शब्दशः, दिव्यासारखा. मागे फिरतो, एकेक ज्योत विझवतो, नळ्या पूर्ण उघडतो, घरभर गॅस, नाकाला रुमाल लावून खाली येतो आणि ओरडतो की हवेत गॅस झाला की ते प्रेतांतून बाहेर येतील. बाहेर येतातही. हे विज्ञान म्हणून कितपत, तर फारसं नाही, का बाहेर येतील याचं धड कारण कोणी देत नाही. वर तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला असायचा आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर, म्हणजे त्या तळघरात डिकन्स, डॉक्टर आणि रोझ ज्या आरामात संवाद म्हणतायत तेवढ्यात खरं तर आडवे व्हायला हवे होते. निदान रोझ आणि डिकन्स तरी. असो. ज्याला आता काही नवीन सुचणार नाही असं वाटत होतं त्यालाच सुचतं, आणि भुतांवर विश्वास ठेवून नाही तर डोळे उघडे ठेवून सुचतं, म्हणून ते चालून जातं.

ग्विनेथ म्हणते मी यांना परत नाही पाठवू शकत पण धरून ठेवू शकते, आणि ॲप्रनच्या खिशातून काडेपेटी काढते. डॉक्टर बाकीच्यांना बाहेर पाठवतो, तिच्या मानेला हात लावून नाडी बघतो, कपाळावर ओठ टेकवतो आणि पळत सुटतो. घर उडतं. बाहेर बर्फात उभं राहून तो रोझला सांगतो की ती कमानीत उभी राहिली तेव्हाच गेली होती. रोझ विचारते मग ती बोलली कशी, आणि याचं उत्तर डॉक्टरकडेही नाही, डिकन्स शेक्सपियरचा आधार घेऊन त्याला ऐकवतो की तुझ्याही तत्त्वज्ञानात न बसणाऱ्या गोष्टी आहेत बाबा. रोझ म्हणते एका मोलकरणीने जग वाचवलं आणि हे कोणाला कधी कळणार नाही. आणि सीन बदलतो.

पुढचा सीन टार्डिसजवळ निरोपाचा. डिकन्स आता टवटवीत, लंडनला जाणार, घरच्यांशी जुळवून घेणार, हातातली 'एडविन ड्रूड' ही कादंबरी पूर्ण करणार आणि त्यातला खुनी काका न ठेवता हे निळे वायुजीव ठेवणार म्हणतो. जाता जाता विचारतो, माझी पुस्तकं टिकतील का? डॉक्टर म्हणतो कायमची. टार्डिसमध्ये गेल्यावर रोझला सांगतो की तो पुढच्याच वर्षी जाणार, ही गोष्ट लिहिणारच नाही. खऱ्या आयुष्यात 'ड्रूड'चे बारा भाग ठरले होते, सहाच झाले, ९ जून १८७० ला डिकन्स गेला. तारीख बघा, रेल्वे अपघाताचीच, बरोबर पाच वर्षांनी. अर्धवट राहिलेल्या कादंबरीत आपली गोष्ट नेऊन बसवायची ही आयडिया मात्र एकदम उस्ताद.

इतिहासाच्या किड्यांसाठी एक खुसपट. एप्रिल १८६९ मध्ये प्रेस्टनला असताना डिकन्सची तब्येत इतकी बिघडली की डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, दौरा बंद करायला लावला. नंतरचे निरोपाचे बारा प्रयोग जानेवारी ते मार्च १८७० मध्ये आणि तेही लंडनमध्येच. त्यामुळे २४ डिसेंबर १८६९ ला तो कार्डिफच्या स्टेजवर असायचं काही कारण नाही. आणि कार्डिफ म्हणून जे रस्ते दाखवलेत ते स्वान्सी आणि मॉनमथचे, थिएटर तेवढं कार्डिफचं, न्यू थिएटर, पण ते बांधलंय १९०६ चं. म्हणजे शहर दुसरं, नाट्यगृह पुढच्या काळातलं आणि लेखक घरी आजारी. तरी सगळं खरं वाटतं, कारण दिवे कमी ठेवलेत आणि कपडे वापरलेले वाटतात. बर्फ तेवढा काही शॉट्समध्ये कापसाचा भाऊ दिसतो. निळे गेल्थ आजच्या मानाने साधे आहेत पण धुराला वय दिसत नाही, प्लास्टिकच्या राक्षसांपेक्षा बरे टिकलेत.

अशा 'लेखक स्पेशल' एपिसोडची पुढे लाइनच लागली. २००७ ला शेक्सपियर, २००८ ला अगाथा ख्रिस्ती, २०२० ला मेरी शेली. शेक्सपियरवाला मजेशीर आहे पण त्यात तो रॉकस्टार म्हणून येतो आणि रॉकस्टार म्हणूनच जातो. ख्रिस्तीवाला माझा खूप लाडका, तिचं १९२६ मधलं ते खरंखुरं गायब होणं त्यात छान गुंफलंय, पण खून-बिन, चहा-पार्टी यातच वेळ जातो. आत येताना एक आणि बाहेर जाताना वेगळा माणूस, असा लेखक मला फक्त इथे भेटला. कॅलो २०११ च्या 'द वेडिंग ऑफ रिव्हर साँग'मध्ये मिनिटभर परत येतो, डिकन्स सकाळच्या टीव्ही शोवर ख्रिसमस स्पेशलची मुलाखत देतोय असा, तो तुकडा आवर्जून बघा. आणि ईव्ह माइल्सला याच कामानंतर 'टॉर्चवुड' या डॉक्टर हूमधूनच निघालेल्या मालिकेत मुख्य भूमिका मिळाली, तीही कार्डिफच्या त्याच चिरेवर राखण करणाऱ्यांची गोष्ट. ती मिळाली नसती तर नवल होतं.

मार्क द्यायचे तर पाचातले चार. एक गेल्थच्या त्या आळशी पलटीचा कापला. डॉक्टर हू कधीच न बघितलेल्याला सुरुवात करायला पण चालेल, ताई साक्षीला आहे.

तर शेवटी डिकन्स बर्फातून एकटाच जातोय, वाटेत भेटेल त्याला मेरी ख्रिसमस म्हणतोय, मी नेहमीसारखा खुश, ताईकडे बघितलं तर ती विचारते, "त्या पोरीच्या आठ पाउंडांचं काय झालं?" मी म्हटलं म्हणजे? "म्हणजे हा आयुष्यभर गरीब पोरांवर लिहित आला ना, मग जाताना निळ्या भुतांवर पुस्तक लिहिणार म्हणतो, तिच्यावर का नाही लिहित?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये. क्रेडिट्स सुरू झाले, मी लॅपटॉप बंद करायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला, बरंच मागे नेलं, आणि तो खाटकाच्या पोराचा सीन परत लावला.